‘पाहा’ असं लिहिलेलं कार्ड

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

नौपाड्यात राहणाऱ्या माणसाला पुस्तकांचं महत्त्व पटवून द्यावं लागत नाही. गोखले रोडवर संध्याकाळी भेटणाऱ्या बायकांच्या पिशवीत मेथीच्या जुडीबरोबर वाचनालयाचं पुस्तकही असायचं, असे दिवस मी पाहिले आहेत. आमच्या ठाण्यात १८९३ साली वि. ल. भावे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मराठी ग्रंथ संग्रहालय सुरू केलं. मराठीत छापलेली पुस्तकं एका ठिकाणी गोळा करायची आणि जपायची, हा त्यामागचा ध्यास. हेच भावे पुढे ‘महाराष्ट्र सारस्वत’चे कर्ते म्हणून प्रसिद्ध झाले, आणि महानुभावांचं सांकेतिक लिपीत अडकलेलं वाङ्मय उजेडात आणणाऱ्या अभ्यासकांतही ते होते. अशा गावात वाढलेली मुलगी ग्रंथपाल झाली तर नवल नाही. ठाणे जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी चौतीस वर्षं नोकरी केली.

आज मात्र मी ग्रंथालयांचं गुणगान करणार नाही. मला एका कार्डाची गोष्ट सांगायची आहे. ते कार्ड मीच लिहिलं होतं.

तरुण श्रोत्यांसाठी थोडं सांगते. संगणक यायच्या आधी प्रत्येक ग्रंथालयात छोट्या छोट्या खणांचं एक लाकडी कपाट असे. खणात पोस्टकार्डापेक्षा लहान कार्डं, अकारविल्हे लावलेली. एक कार्ड लेखकाच्या नावाचं, एक पुस्तकाच्या नावाचं, एक विषयाचं. याशिवाय एक चौथ्या प्रकारचं कार्ड असे. त्यावर पुस्तकाचं नावच नसायचं. फक्त एवढंच, की या शब्दाखाली शोधू नका, त्या शब्दाखाली पाहा. उदाहरणार्थ, ‘मधुमेह’ शोधणाऱ्याला ‘रोग’ या मथळ्याकडे पाठवायचं. आम्ही त्याला ‘पाहा-कार्ड’ म्हणत असू.

१९८८ सालची गोष्ट. समाजशास्त्राच्या प्राध्यापकांनी मुलांना आपापल्या समाजाच्या इतिहासावर निबंध लिहायला सांगितला होता. कल्याणच्या बाजूनं येणारा एक मुलगा ‘क’चा खण उघडून उभा होता. त्याला ‘कैकाडी’ या शब्दाचं कार्ड मिळालं. त्यावर लिहिलेलं होतं, ‘पाहा : गुन्हेगार जमाती’. मुलगा आज्ञाधारक. त्यानं ‘क’चा खण बंद केला, ‘ग’चा उघडला. तिथं एकच कार्ड होतं. मुंबई इलाख्यातले पोलीस अधिकारी केनेडी यांनी १९०८ साली गुन्हेगार वर्गांवर लिहिलेल्या इंग्रजी पुस्तकाचं. एका निवृत्त अधिकाऱ्याच्या घरच्यांनी दिलेल्या पुस्तकांबरोबर ते आमच्याकडे आलं होतं. मुलानं चिठ्ठीवर क्रमांक लिहिला, देवघेवीच्या खिडकीशी येऊन पुस्तक मागितलं, आणि मी ते दिलं.

दुसऱ्या दिवशी तो परत आला. म्हणाला, “मॅडम, ते कार्ड तुम्ही लिहिलंय का?”

मी म्हटलं, “हो. का रे?”

“काही नाही. आमच्या घरी टोपल्या विणतात. एवढंच सांगायचं होतं.”

एवढं बोलून तो वाचायला बसला. मी मात्र दिवसभर जागच्या जागी अस्वस्थ होते.

ते कार्ड मी द्वेषानं लिहिलेलं नव्हतं. पुस्तकाच्या नावात जे होतं ते मथळ्यात उतरवलं, आणि पुस्तकात ज्या ज्या समाजांची प्रकरणं होती त्या सगळ्यांची ‘पाहा-कार्डं’ करून टाकली. आमच्या प्रशिक्षणात याला काटेकोरपणा म्हणतात. इंग्रज सरकारनं गुन्हेगार जमाती कायदा केला १८७१ साली. जन्मालाच गुन्हा ठरवणारा कायदा. त्याखाली घराघरांची नोंद व्हायची, हजेरी द्यावी लागायची, गाव सोडायला परवानगी लागायची. सोलापूरला तारांच्या कुंपणात वसवलेल्या ‘सेटलमेंट’ची आठवण त्या भागात अजून आहे. स्वतंत्र भारतानं १९५२ साली हा कायदा रद्द केला. त्या समाजांना आपण विमुक्त म्हणू लागलो. कायदा जाऊन छत्तीस वर्षं झाली होती, आणि माझ्या लाकडी खणात तो सुवाच्य अक्षरात चालूच होता.

आणखी एक गोष्ट मला त्या दिवशी लक्षात आली. लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ १९८० साली आलं, त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आमच्या ग्रंथालयात त्याच्या दोन प्रती होत्या. कैकाडी समाजात जन्मलेल्या माणसानं आपल्या तोंडानं सांगितलेली हकिकत. पण तिचं कार्ड होतं ‘माने’ या नावाखाली आणि ‘आत्मचरित्रे’ या मथळ्याखाली. ‘कैकाडी’ शोधणाऱ्याला तिकडे नेणारी वाटच नव्हती. त्या शब्दापासून निघणारी एकच वाट मी आखली होती, आणि ती थेट पोलीस चौकीत जात होती. लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’ नुकतंच, १९८७ साली, प्रसिद्ध झालं होतं. त्याचीही गत तीच झाली असती.

श्रोतेहो, आता थोडं इतिहासात जाऊ. कारण ही चूक माझी एकटीची असती, तर तुमचा वेळ घेतला नसता.

आम्ही पुस्तकांना जे क्रमांक देतो, त्याची पद्धत मेल्विल ड्युई या अमेरिकन ग्रंथपालानं १८७६ साली काढली. जगातलं सगळं ज्ञान त्यानं दहा वर्गांत बसवलं. धर्माला २००चा वर्ग दिला. त्यातले २२० ते २८० हे विभाग ख्रिस्ती धर्मासाठी, आणि हिंदू, बौद्ध, जैन, इस्लाम, ज्यू असे जगातले उरलेले धर्म सगळे मिळून २९० या एका खोलीत. इंग्रजी वाङ्मयाला ८२०चं प्रशस्त घर, तर आपली ज्ञानेश्वरी-तुकारामांची मराठी ८९१.४६ या पोटमाळ्यावर. हाच ड्युई ज्या लेक प्लॅसिड क्लबचा संस्थापक होता, तिथं ज्यू लोकांना प्रवेश नव्हता. त्यावरून तक्रार झाली, आणि अखेर न्यूयॉर्क राज्याच्या ग्रंथपालपदावरून त्याला दूर व्हावं लागलं. अमेरिकन ग्रंथालय संघानं आपल्या पदकावरचं त्याचं नाव काढलं ते २०१९ साली, म्हणजे शंभराहून अधिक वर्षांनी.

शिकत असताना ड्युईच्या या पक्षपाताचा मला फार राग यायचा. मराठीला पोटमाळा का, असं मी वर्गात तावातावानं विचारलं होतं. आपल्याकडचे रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम सांगितले आणि १९३३ साली स्वतःची वर्गीकरण पद्धत दिली, याचा मला अभिमान होता. त्यांचा दुसरा नियम वाचकाच्या बाजूनं बोलतो. वाचक कोणीही असो, त्याला त्याचं पुस्तक मिळालं पाहिजे. हा नियम मी परीक्षेत सुंदर अक्षरात लिहिला होता. आणि तरी ‘पाहा : गुन्हेगार जमाती’ हे कार्ड मीच लिहिलं. ड्युईनं माझ्यावर केलेला अन्याय मला दिसला. मी दुसऱ्यावर केलेला दिसला नाही.

माणसाला स्वतःसमोर बंद झालेलं दार दिसतं. आपण बंद केलेलं दिसत नाही. ग्रंथालयांच्या इतिहासात हे पुन्हा पुन्हा घडलेलं आहे.

मुंबईचंच उदाहरण घ्या. टाउन हॉलमधल्या एशियाटिक सोसायटीच्या जिन्यावर आज आपण फोटो काढतो. १८०४ साली स्थापन झालेली ही संस्था. पहिली तीन-साडेतीन दशकं तिथं हिंदी माणसाला सभासद होता येत नव्हतं. ग्रंथ आमच्या देशाविषयी, पण वाचायचे गोऱ्यांनी. माणेकजी करसेटजी या पारशी गृहस्थांनी १८४०च्या सुमारास ते दार उघडायला लावलं. उघडउघड वंशभेद होता तो. आपल्या लोकांना तो कळला, झोंबला, आणि त्यांनी आपली ग्रंथालयं काढली. गावोगावी ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ निघाल्या. पुण्याची १८४८ सालची, तीच पुढे पुणे नगर वाचन मंदिर झाली. ‘नेटिव्ह’ आणि ‘जनरल’. म्हणजे एतद्देशीय, आणि सर्वांसाठी.

सर्वांसाठी म्हणजे कोणासाठी? दारावर ‘अमक्या जातीला मज्जाव’ अशी पाटी लावायची गरजच नव्हती. वर्गणी असे, अनामत असे, कोणा प्रतिष्ठित माणसाची ओळख लागे. ज्याला शाळेतच दाराबाहेर बसवलं आहे, तो वाचनालयाच्या पायरीपर्यंत येणार कसा? १८८८ साली गोपाळबाबा वलंगकरांनी अस्पृश्यतेबद्दल सवर्णांना प्रश्न विचारणारी ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका काढली. अशी पुस्तिका विकत घेऊन, बांधून, क्रमांक घालून कपाटात ठेवावी असं वाटायला, कपाटाची किल्ली ज्याच्या कमरेला आहे त्याला आधी तो प्रश्न आपल्याला विचारलेला आहे असं वाटावं लागतं.

या सगळ्या दारांसमोर उभं राहून ज्यानं आयुष्यभर वाचलं, तो माणूस म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांचं चरित्र ग्रंथपालाच्या नजरेनं वाचून पाहा. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये संस्कृत शिकायला मिळालं नाही म्हणून फारसी घ्यावं लागलं. परळच्या चाळीतल्या खोलीत वाचायला जागा नाही म्हणून हा मुलगा चर्नी रोडच्या बागेत पुस्तक घेऊन बसे. तिथं कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्याला हेरलं. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा झालेल्या सत्कारसभेत केळुसकरांनी त्यांना स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. एका पुस्तकानं पुढे काय घडवलं, ते आपण १९५६ साली नागपूरला पाहिलं. त्या सत्कारसभेचे अध्यक्ष होते सीताराम केशव बोले. याच रावबहादुर बोल्यांनी १९२३ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात ठराव आणला, की सार्वजनिक पैशातून बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसंच सरकारी शाळा, न्यायालयं, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह याच ठरावाच्या आधारानं झाला. त्या यादीत वाचनालयाचा वेगळा उल्लेख नाही. पाण्याची तहान आधी.

सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. हेच सयाजीराव, ज्यांनी १९१० साली बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून बडोदा संस्थानात गावोगाव मोफत वाचनालयांचं जाळं विणायला घेतलं. कोलंबियाच्या ग्रंथालयात बाबासाहेबांना कोणी जात विचारली नाही. त्यांनी तिथं जुन्या पुस्तकांची दुकानं पालथी घातली आणि पुस्तकं जमवली. १९१७ साली परतताना ती पुस्तकं वेगळ्या बोटीनं पाठवली होती. महायुद्ध चालू होतं, ती बोट पाणतीरानं बुडवली. आणि स्वतः ते ज्या बडोद्याला नोकरीसाठी पोचले, तिथं त्यांना राहायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेतून हाकलल्यावर कामाठी बागेत झाडाखाली बसून राहावं लागलं. मोफत वाचनालयांचा प्रयोग करणारं तेच शहर. राजाची इच्छा चांगली होती, पण शहर राजाच्या इच्छेवर चालत नाही. खोलीच्या किल्ल्या ज्यांच्याकडे असतात, त्यांच्यावर चालतं.

पुढे त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधलं ते जणू पुस्तकांसाठीच. १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय काढलं, तेव्हा आपल्या संग्रहातली पुस्तकं त्या ग्रंथालयाला दिली. ज्याला दारं बंद होती, त्यानं स्वतः दार बांधलं आणि ते सगळ्यांना उघडं ठेवलं.

कोणी म्हणेल, जातिभेद म्हणजे वंशभेद नव्हे. २००१ साली दक्षिण आफ्रिकेतल्या दर्बानला वंशभेदाविरुद्ध जागतिक परिषद झाली, तेव्हा याच मुद्द्यावर केवढा वाद झाला होता! दलित संघटना म्हणत होत्या, जातीचा विषय घ्या. आपल्या सरकारचा विरोध होता. शास्त्र म्हणून दोन्ही एक नव्हेत, हे स्वतः बाबासाहेबांनीच दाखवलेलं आहे. पण दार बंद करण्याची रीत दोन्हीकडे सारखीच आहे, हेही त्यांना दिसत होतं. १९४६ साली अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचं वाचून त्यांनी थोर कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिलं, आणि त्या अर्जाच्या प्रती मागितल्या. डू बॉइस यांनी उत्तर पाठवलं, सहानुभूती कळवली. हे आज आपल्याला माहीत आहे ते का? मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ग्रंथालयानं डू बॉइस यांचे सगळे कागद जपून ठेवले म्हणून. त्या ग्रंथालयाला आता डू बॉइस यांचंच नाव आहे.

अमेरिकेतल्या ग्रंथालयांची पाटी काही कोरी नाही. दक्षिणेकडच्या राज्यांत गोऱ्यांची वाचनालयं वेगळी, काळ्यांची वेगळी. १९६१च्या मार्चमध्ये मिसिसिपीतल्या टूगलू महाविद्यालयाचे नऊ विद्यार्थी जॅक्सन शहरात गोऱ्यांच्या वाचनालयात गेले, आणि शांतपणे पुस्तकं वाचत बसले. काळ्यांच्या वाचनालयात नसलेली पुस्तकं हवी होती त्यांना. पोलिसांनी नवांनाही अटक केली. गुन्हा काय, तर वाचन.

पण त्याच देशात एक ग्रंथपाल अशी झाली, जिचं नाव मला फार उशिरा कळलं. डोरोथी पोर्टर. १९३०पासून त्या वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात कृष्णवर्णीयांविषयीच्या ग्रंथसंग्रहाचं काम पाहत होत्या. त्यांनी पाहिलं, की काळ्या माणसानं काहीही लिहिलेलं असो, ग्रंथालयं त्याला ड्युईच्या दोनच क्रमांकांत कोंबतात. एक ३२५, म्हणजे वसाहती आणि स्थलांतर, आणि दुसरा ३२६, म्हणजे गुलामगिरी. कवी काळा असेल तर त्याची कविताही तिथंच! पोर्टरबाईंनी हे क्रमांक जुमानले नाहीत. कवितेचं पुस्तक कवितेत, इतिहासाचं इतिहासात, असं एकेक पुस्तक त्यांनी त्याच्या हक्काच्या जागी नेऊन ठेवलं. मोर्चा नाही, घोषणा नाही. नुसता क्रमांक बदलला. त्यांच्याविषयी वाचलं तेव्हा मला माझं १९८८चं कार्ड आठवलं.

त्या मुलानं केनेडीचं पुस्तक चार दिवस ठेवून घेतलं. तो परत करायला आला तेव्हा मी त्याला ‘उपरा’ दिलं. म्हणाला, “हे मी वाचलंय मॅडम. तुमच्याकडे आहे हे माहीत नव्हतं.” मग मी त्याला जरा समजूत घालावी तसं म्हटलं, की ते जुनं पुस्तक मी या वर्षी बाद करून टाकते. आमच्याकडे दर काही वर्षांनी फाटकी, निरुपयोगी पुस्तकं काढून टाकतात, त्यात सहज बसलं असतं. तो पटकन म्हणाला, “नको, काढू नका. मला त्यातली अजून चार पानं उतरवून घ्यायचीत. नाहीतर हे लोक असं लिहायचे, हे मी कशावरून सांगू?”

चौतीस वर्षांच्या नोकरीत मला मिळालेला सगळ्यात मोठा धडा हा. मला वाटत होतं, चूक पुसली की झालं. त्याला पुरावा हवा होता.

नंतर मला कळलं, की बाबासाहेबांनीही हेच केलं होतं. १९०१च्या जनगणनेचे प्रमुख रिस्ले यांनी लोकांची नाकं मोजून जातींची उच्चनीचता वंशावरून ठरते असं सांगितलं होतं. घुर्ये यांनी १९३२ साली ‘कास्ट अँड रेस इन इंडिया’ या ग्रंथात अशा मोजमापांची छाननी केली. आणि १९४८ साली अस्पृश्यांच्या मुळाविषयी ग्रंथ लिहिताना बाबासाहेबांनी नाकांच्या मोजमापांचे तेच आकडे पुढे मांडून दाखवून दिलं, की ब्राह्मण आणि अस्पृश्य हे दोन निराळे वंश ठरत नाहीत. ज्या मोजपट्टीनं माणसांना खाली ढकललं, तिच्यानंच ती मोजपट्टी खोटी पाडली. ती पुस्तकं कोणी सद्‌भावनेनं रद्दीत घातली असती, तर हे उत्तर देता आलं नसतं. तेव्हा ग्रंथालयानं पुस्तक फेकू नये. त्याच्या शेजारी कोणतं पुस्तक ठेवलं आहे आणि त्यावर कोणत्या नावाची चिठ्ठी आहे, ते पाहावं.

मी मग दिवाळीच्या सुट्टीत खण काढून बसले. केनेडीच्या पुस्तकाला मथळा दिला ‘गुन्हेगार जमाती कायदा, १८७१–१९५२ : इतिहास’. ‘कैकाडी’ या शब्दाखाली आता थेट ‘उपरा’ आलं. ‘पाहा’ काढून टाकलं, आणि इतर समाजांच्या कार्डांचीही तशीच तपासणी केली. ठाणे जिल्हा तेव्हा डहाणू-तलासरीपर्यंत होता. पालघर वेगळा झाला २०१४ साली. म्हणून ‘वारली’ शब्द उघडून पाहिला. तिथं फक्त चित्रकला आणि चालीरीती. १९४५ साली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध केलेला उठाव कुठंच नाही! गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ कपाटात होतं, पण ‘वारली’ शोधणाऱ्याला ते सापडत नव्हतं. तेही जोडलं. मराठवाडा विद्यापीठाच्या नावासाठी १९७८पासून १९९४पर्यंत ज्या महाराष्ट्रानं एवढं सोसलं, त्याला नावाचं मोल वेगळं सांगायला नको. पण छोट्या कार्डावरच्या नावासाठी कोणी मोर्चा काढत नाही. ते काम ग्रंथपालानंच करायचं असतं.

आणि कार्डापाशी काम संपत नाही. आमच्याकडे मागास विद्यार्थ्यांसाठी पुस्तकपेढी होती. योजना चांगली. पण तिची रांग वेगळी, आणि शिपाई मोठ्यानं पुकारायचा, “पुस्तकपेढीवाले इकडं!” सगळ्या वाचनकक्षाला जात कळायची. बरीच मुलं त्या रांगेत उभीच राहत नसत, आणि आम्ही अहवालात लिहीत असू, ‘योजनेस अल्प प्रतिसाद’. रांग एक केली, पुकारणं बंद केलं. खर्च शून्य. प्रतिसादाचं आम्हांला कोडं पडलं होतं, त्याचं उत्तर एवढं सोपं होतं.

तसंच खरेदीचं. महाविद्यालयाची पुस्तकं ठरावीक विक्रेत्यांकडून, सूट मिळवून यायची. पण दर सहा डिसेंबरला दादरला शिवाजी पार्कवर पुस्तकांची जी दुकानं लागतात, तिथली पुस्तकं त्या विक्रेत्यांच्या यादीत नसत. लहान प्रकाशकांची, स्वतः छापलेली, पातळ, स्वस्त. आमच्या नियमांत ती बसत नव्हती, म्हणून आमच्या कपाटातही नव्हती. मी हट्टानं मंजुरी घेतली आणि पिशव्या घेऊन स्वतः जाऊ लागले. ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं १९८९ सालचं पुस्तक वाचलं तर कळेल, की आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांचा इतिहास त्यांना दारोदार जाऊन, बायकांना बोलतं करून जमवावा लागला. तो कुठल्या कपाटात मिळाला नाही. आमच्या जिल्ह्याचंच सांगते. १९२७ साली बदलापूरला शिवजयंतीच्या उत्सवाचे अध्यक्ष बाबासाहेब होते. लोकल गाडीनं तासाभरात जाता येईल अशा गावातली ही घटना मला नोकरीची दहा वर्षं झाल्यावर कळली.

माझं आडनाव ऐकलं, की नौपाड्यात मला पुढचं काही विचारावं लागत नसे. पुस्तकं घरात होती, ग्रंथालयाची पायरी लहानपणापासून ओळखीची होती. यात माझा काही गुन्हा नाही. पण त्या पायरीवर दुसरा कोणी का अडखळतो, हे मला एका मुलानं चार शब्दांत सांगेपर्यंत दिसलं नाही, हेही तितकंच खरं.

आता कार्डांचे खण भंगारात गेले. आमच्या ग्रंथालयात संगणक आला तेव्हा मी पाहिलं, की बाहेरून आलेली मुलं भराभर जुने मथळे तसेच्या तसे टंकित करत होती. चूक लाकडातून काचेवर गेली. आता ती जास्त वेगानं सापडते, इतकंच. तेव्हा हे काम दर पिढीला नव्यानं करावं लागणार.

मनाला एक रुखरुख लागून राहिली आहे. त्या मुलानं जो निबंध लिहिला, त्यात एका बाजूला केनेडीचा मजकूर आणि दुसऱ्या बाजूला त्याच्या आजीनं सांगितलेल्या आठवणी होत्या. प्राध्यापकांनी मला तो वाचायला दिला होता. वाचला आणि परत केला. विद्यार्थ्यांचं लेखन ग्रंथालयात जपायची आमच्याकडे पद्धत नव्हती, आणि त्याची एक प्रत काढून ठेवावी हे मला सुचलं नाही. आज केनेडीचं पुस्तक त्या कपाटात आहे. आजीच्या आठवणी नाहीत.

म्हणून, श्रोतेहो, एक विनंती. पुढच्या वेळी वाचनालयात किंवा मुलांच्या महाविद्यालयात जाल, तेव्हा आपल्या आवडत्या लेखकाचं नाव शोधण्याआधी आणखी एक नाव शोधा. आपल्या गावचे रस्ते ज्यांनी केले, गटारं ज्यांनी साफ केली, टोपल्या ज्यांनी विणल्या, त्यांच्यापैकी कोणाचंही. त्या शब्दापाशी काय सापडतं ते बघा. आणि जे सापडेल, ते तिथल्या ग्रंथपालाला जाऊन सांगा. रागावून नको, त्या मुलानं मला सांगितलं तसं सांगा.